आचाऱ्याच्या हातातली बंदूक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली मुख्य परिचारिका, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; कारण माझे डोके फिरल्याचे गावात जाहीरपणे बोलले गेले आहे. ते का, हे पुढे येईल.

१. राहते घर माझ्या पुतणीला, म्हणजे दिराच्या मुलीला द्यावे. मला मूलबाळ नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत ती सख्ख्या बापाविरुद्ध माझी पत्रके वाटत दारोदार फिरली, म्हणून तिला घर मिळाले असे कोणी समजू नये. माझे पथ्यपाणी ती त्याच्या कितीतरी आधीपासून पाहते आहे. अट एकच: रस्त्याकडची भिंत कोणत्याही पक्षाला रंगवायला देऊ नये. तिला पटणाऱ्या पक्षालाही नाही.

२. बँकेतली ठेव प्रसूतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी. वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणींसाठी आजही खालून बादल्या चढवाव्या लागतात. निवडणुकीला मी उभी राहिले ती याच कामासाठी.

३. पतीच्या वस्तूंविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे पती सैन्यात आचारी होते. सीमेवरच्या छावणीत विषमज्वराने गेले, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. लढाई चालू होती हे खरे. ते लढणाऱ्यांसाठी रांधत होते, हेही खरे.

निवडणुकीच्या आधी पक्षाची माणसे माझ्याकडे आली. "ताई, तिकीट तुमचंच. फक्त साहेबांचा वर्दीतला फोटो पत्रकावर घेऊ, आणि तुम्ही दर आठवड्याला प्रार्थनेला पुढच्या रांगेत बसायचं."

"मी प्रार्थनेला जात नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"म्हणून तर पुढची रांग."

मी नकार दिला आणि अपक्ष उभी राहिले. ती माणसे जिना उतरली ती थेट माझ्या दिराकडे गेली. दिराचे सायकलींचे दुकान आहे. माणूस मनाने वाईट नाही. आठवडा उलटायच्या आत भिंतीभिंतीवर त्याच्या नावापुढे 'हुतात्म्याचा भाऊ' असे झळकले, आणि प्रार्थनेत पुढच्या रांगेत तो दिसू लागला.

माझ्या शेवटच्या सभेत एकाने उठून विचारले, "ज्यांनी देशासाठी छातीवर गोळी झेलली, त्यांच्याच बायकोला ना देव, ना देशाचा अभिमान. असं कसं?"

मी म्हटले, "गोळी नव्हती. ताप होता."

यावर खुर्च्या आपटल्या. "नवऱ्यालाही सोडलं नाही हिनं!" "वेड लागलंय!" अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांची नाळ मी कापलेली आहे. माझे बोलणे देवाविरुद्ध होते की देशाविरुद्ध, यावर गावाचे एकमत झाले नाही. मत कोणाला द्यायचे, यावर झाले.

निकालाच्या संध्याकाळी निवडून आलेला दीर घरी आला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला.

"वहिनी, दादा तापानं गेला हे मलाही माहीत आहे."

"मग?"

"पाणी आणतो म्हणणारे सगळेच होते. भाऊ गेलेला मी एकटाच."

एवढे बोलून तो उंबऱ्यावरूनच परत गेला.

पुढे त्याने चौकात पतींचा पुतळा बसवला. हातात बंदूक आहे. चेहरा मात्र हुबेहूब उतरला आहे, एवढे मान्य करायला हवे.

पतींचा वर्दीतला फोटो पुतणीला द्यावा. त्यांचे आमटी वाढायचे मोठे ओगराळे दिराला द्यावे. हा टोमणा नाही. दोघांची आई लवकर गेली आणि धाकट्याला थोरल्याने रांधून वाढवले. पतींच्या हातचे त्याच्याइतके कोणीच जेवलेले नाही, मीसुद्धा नाही.

४. शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना द्यायचे होते. परंतु वाटेकऱ्याने साक्षीला राहू नये, असे वकील म्हणाले, आणि मला त्या साक्षीला हव्या आहेत. सबब यंत्र मी हयातीतच त्यांच्या घरी पोचते केले आहे.

५. माझ्या अंत्यविधीत ज्यांना प्रार्थना म्हणायची असेल त्यांनी खुशाल म्हणावी. मी मध्ये बोलणार नाही.

६. पुतळ्याखालच्या पाटीवर 'लढता लढता वीरमरण' असे कोरले आहे. ती काढून 'सैन्यातील आचारी, छावणीत तापाने निधन' अशी पाटी लावण्यासाठी पुतणीने अर्ज करावा. मात्र लगेच नाही.

निवडणुकीनंतर शिंपीणबाई आपण होऊन माझ्याकडे आल्या होत्या. "ताई, मी मत तुम्हाला दिलं नाही. दुसऱ्याकडून कळायच्या आत तोंडावर सांगून टाकते."

"मी देव मानत नाही म्हणून?"

"देवाचं तुमचं तुम्ही बघा. माझा धाकटा सैन्यात गाडी चालवतो. उद्या घाटात गाडी उलटून गेला, तर तो नुसता गाडी उलटूनच गेला म्हणायचा का? तुम्हाला पेललं. मला नाही पेलायचं."

मी चहा टाकला. दोघींनी तो प्यायला.

तरी त्यांचा मुलगा नोकरी पुरी करून घरी येईपर्यंत पाटीला हात लावू नये. तो न आल्यास, शिंपीणबाई हयात असेपर्यंत लावू नये.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवलेला नाही. त्यांनी मला सही करताना पाहिले आहे, आणि कायद्याला तेवढे पुरते.

सही: निवृत्त मुख्य परिचारिका, प्रसूतिगृह

साक्षीदार:
१. प्रसूतिगृहाचे डॉक्टर (सही)
२. शेजारीण, धंदा शिवणकाम (सही)

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: निवडणुकीनंतरच्या चौथ्या वर्षी, हिवाळ्यातला पहिला रविवार