आठव्या दिवसाचं पाणी

तेशी, ३ मार्च

चि. सत्तावीस यास सोवाचे अ. उ. आ.

माझ्या लेकीनं, देदेईनं, तेवीस वर्षांपूर्वी माझ्या रक्तातून अवयवांच्या केंद्रात माझी दुसरी प्रत वाढवायला टाकली. ती प्रत म्हणजे तू. माझं हृदय ईस्टरपर्यंतच टिकेल म्हणतात, म्हणून वीस तारखेला तुझं काढून मला बसवणार. त्याआधी आभाराचं पत्र लिहायचा नियम आहे.

जन्मभर मासा, मोटार, कोंबडी अशा हव्या त्या आकाराच्या शवपेट्या केल्या. मरणाला काय भ्यायचं, असं गिऱ्हाइकांना ऐकवलं. स्वतःची पाळी आली आणि घाबरून केंद्राच्या कागदावर सही केली. तुला ‘चि.’ लिहितानाही लाज वाटली.

तब्येतीला जप. यातही स्वार्थ माझाच.

लोभ ठेव, असं कुठल्या तोंडानं लिहू?

सोवा

केंद्र, ८ मार्च

ती. सोवाबाबांस सा. न. वि. वि.

मला आलेलं हे पहिलंच पत्र. आभार कसले? तुमचीच वस्तू तुम्हाला परत. हृदयाला जपायचं म्हणून इथे जेवणात मीठ नसतं, तेवढं सोडलं तर मजेत आहे.

फावल्या वेळात लाकडाचे मासे कोरतो. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे शेपूट डावीकडेच कलते. एक पाठवतोय, हसू नका.

एक विचारू? नंतर उरलेल्या मला पेटी मिळेल का? इथल्या बाई म्हणाल्या, बारसं न झालेल्यांना नसते.

आहे तोवर लोभ असावा.

सत्तावीस

तेशी, १२ मार्च

चि. ओकाई यास अ. उ. आ.

हे माझ्या वडिलांचं नाव, आता तुझं.

मासा पाहून मी रडलो. माझ्याही प्रत्येक माशाची शेपूट डावीकडे कलते. पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतोय, मासा वळतोय म्हणून.

आपल्यात बारशाला, जन्माच्या आठव्या दिवशी पहाटे छपरावर पाणी उडवतात. ते बाळाच्या अंगावर ओघळलं की बाळ घरचं, तोवर नुसता पाहुणा. तुला तेवीस वर्षं पाहुणा ठेवला. शनिवारी ये. एक दिवस घरी न्यायची परवानगी मिळाली आहे. बाळाला जमिनीवर ठेवायचं असतं, तुला उचलताना माझी कंबर मोडेल. नाव मिळालेल्या माणसावर केंद्राला सुरी चालवता येत नाही, हे मी आधीच विचारून घेतलंय. देदेई माझ्याशी बोलत नाही, पण अंगण तिनंच झाडलं.

भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू. येताना पटाशी आण. माझी पेटी माशाची कर आणि शेपूट सरळ करायला जाऊ नकोस.

लोभ आहेच. हृदय तुझ्याजवळच असू दे.

तुझा सोवा