फौजदार सापडला

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

समुद्र शांत असेल आणि तुमच्या जहाजावरच्या आचाऱ्याने मिठाचा हात आवरला असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक आहोत. बागेमागची खोली मी रंगवून घेतली. तिथे आता कुत्री राहणार आहेत. हसू नकोस. बाबांनी माझ्या नावावर एवढं ठेवलंय, त्याचं काहीतरी करायला नको का? 'दुकानं पालथी घालण्यापेक्षा बरं,' असं आत्यासुद्धा म्हणाली. आणि आत्या कधी कशाला बरं म्हणते का!

तर परवा मी शहराबाहेरच्या कोंडवाड्यात गेले. रस्त्यावर पकडलेली कुत्री तिथे ठेवतात. मुदतीत कुणी नेलं नाही, तर इंजेक्शन देऊन संपवतात. मी बाबांची मोठी गाडी आणि ड्रायव्हर घेऊन, पांढरे बूट घालून गेले होते. बूट दारातच कामातून गेले. फिनेलचा वास डोक्यात जात होता. तिथला रखवालदार म्हणाला, "बाईसाहेब, गोंडस पिल्लं पुढच्या पिंजऱ्यांत आहेत."

"मला मागची दाखवा. ज्यांना कुणी नेत नाही ती."

मागची रांग गप्प होती. भुंकायचंही सोडून दिलेली. शेवटच्या पिंजऱ्यात एक जण भिंतीकडे तोंड करून पडला होता, नुसता हाडांचा सापळा. मी सहज "काय रे सोन्या" म्हटलं. त्याने उजवा कान टवकारला. डावा पडलेलाच.

दादा, तो फौजदार होता. आल्यागेल्याची हुंगून झडती घेणारा, आपल्या बाबांचा फौजदार. बाबा गेल्यावर पळाला म्हणून आम्ही शहरभर शोधला, तो. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि तो गजांतून माझी बोटं चाटत राहिला.

"हा आमचा आहे," मी म्हटलं. "वॉचमनने फाटक उघडं टाकलं आणि हा पळाला. कुठे सापडला तुम्हाला?"

"पळालेला नाही हो. याला आणून दिलंय."

"कुणी?"

इथवर लिहून मी उठले आणि चहा करून आणला. चहा तसाच गार झालाय. आता लिहितेच.

तो म्हणाला, "एक बाई आल्या होत्या. स्वतःच गाडी चालवत. याला सोडलं आणि कितीतरी वेळ त्या बाकावर बसून राहिल्या. मी विचारलं, परत न्यायचाय का? तर म्हणाल्या, नको, हा वाट बघतो."

मला तेव्हाच कळलं होतं. तरी वेड्यासारखं विचारलं, "दिसायला कशा होत्या?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमच्यासारख्याच."

मी मागची सगळी रांग गाडीत घातली. घरी आई झाडांना पाणी घालत होती. फौजदार उडी मारून सरळ तिच्याकडे धावला. शेपटी अशी हलवत होता, जसं काही झालंच नाही. चावला असता तर बरं झालं असतं रे. आईच्या हातून पाइप गळून पडला. मी ओरडले, काय काय बोलले मला आठवत नाही.

ती एवढंच म्हणाली, "गाडीचा आवाज आला की हा दाराशी धावायचा. बाबा उतरले नाहीत की वळून माझ्याकडे बघायचा. मीच त्यांना कुठे लपवून ठेवलंय, अशा नजरेने. तुम्ही दोघं रडून मोकळे झालात. हा रोज नव्याने वाट बघायचा. मला सहन होईना गं."

"मग तसं सांगायचं! फाटक उघडं होतं असं का म्हणालीस?"

"मी तेवढंच म्हणाले. वॉचमनकाकांचं नाव तुझ्या दादाने घेतलं. आणि मी गप्प बसले."

दादा, 'ड्युटीवर झोपता' म्हणून तू काकांना फोनवर काय काय बोललास, ते मी शेजारी उभी राहून ऐकलंय. "मी फाटक लावलं होतं हो," एवढंच म्हणून ते किल्ल्या ठेवून गेले होते.

काल आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. आईने दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, कुत्रं जगलं, चांगलं झालं. पण माझ्या पोरांनी मला विचारलं, बाबा, तुम्ही खरंच झोपला होतात का? त्यांना आता तुम्ही सांगा." आईने मुलांना बाहेर बोलावून, त्यांच्यासमोर हात जोडून सांगितलं. नोकरीवर परत या म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. नाही.

तिथून आल्यापासून मी आईशी बोललेली नाही. आणि रात्रभर तिच्या खोलीतून हललेलीही नाही. तिच्यावर रागवायचं की तिला पोटाशी धरायचं, मला कळत नाही.

बंदरावर उतरलास की आधी काकांना फोन कर. मग आईला कर. तिच्यावर आवाज चढवू नकोस, तो चढवून आपण एकदा बघितलाय.

अजून सावरलेली नाही अशी,
तुझी बारकी