एका वाक्याची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, वैद्यकीय महाविद्यालयातली निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर हलले आहे ते हाताच्या कंपामुळे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कलमे आटोपशीर असावीत, त्यांत आठवणी लिहू नयेत, असे माझ्या वकीलबाईंचे म्हणणे. त्यांचा सल्ला मी ऐकला. पाळलेला मात्र नाही. अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. विकायचे तर खुशाल विकावे. बाहेरच्या खोलीची खिडकी घट्ट बसते, हे घेणाऱ्याला आधीच सांगावे.

कलम दोन. बँकेतली बचत तिचीच. भांडीकुंडी आणि कपडे माझ्या धाकट्या बहिणीला. ती आधी नको नको म्हणेल आणि दोन फेऱ्यांत सगळे घेऊन जाईल.

कलम तीन. ब्लॉग. नापास झालेल्या मुलांसाठी मी संध्याकाळी जादा वर्ग घेत असे. विभागप्रमुखांनी ते बंद केले. वर्गात विनाकारण दिवे जळतात म्हणाले. मग मी घरी बसून लिहू लागले. कोणते औषध कशासाठी, किती, आणि कधी मुळीच द्यायचे नाही, ते साध्या भाषेत. एकोणीस वर्षांत अकराशे शेहेचाळीस लेख झाले. जाहिरात एकही नाही, वाचायला पैसे नाहीत.

हा ब्लॉग मी नर्सिंग शाळेतल्या एका शिक्षिकेच्या हवाली करते. आमची भेट कधीच झालेली नाही. सहाव्या वर्षी त्यांचा दोन ओळींचा निरोप आला: "बाई, लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं प्रमाण बघा. दशांशाचं टिंब सरकलंय." खरेच सरकले होते. लेख तसाच अकरा दिवस लोकांसमोर होता. त्यावर विसंबून कोणी कोणाला औषध पाजले का, हे मला कळलेले नाही आणि आता कळणारही नाही. त्यानंतरचा प्रत्येक लेख आधी त्यांच्या नजरेखालून गेला. सगळे पासवर्ड सोबतच्या बंद पाकिटात ठेवले आहेत.

कलम चार. लेखांतल्या तीनशे बारा आकृत्यांचे मूळ कागद त्याच नर्सिंग शाळेला. त्या माझ्या पतींनी काढल्या. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. हृदयाची पहिली आकृती काढून झाल्यावर म्हणाले होते, "चार खोल्यांचं घर आहे, फक्त नळ फार." कागदांना घडी घालू नये.

कलम पाच. वर सांगितलेल्या विभागप्रमुखांनी पुढे स्वतःच्या नावाने पुस्तक काढले. त्यातली दोन प्रकरणे माझ्या लेखांवरून उचललेली आहेत. एका आकृतीत माझ्याकडून डावे-उजवे उलटे लिहिले गेले होते. त्यांनी तेही तसेच छापले. त्यांना माझी लाल पेन्सिल द्यावी. मनात राग उरलेला नाही, असे लिहिणार होते. उरलेला आहे.

कलम सहा. हे कलम वकीलबाईंनी दोनदा खोडले, मी दोनदा पुन्हा लिहिले.

आठ वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी आतल्या खोलीत एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर लिहीत होते. बाहेरच्या खोलीतून पती म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय गं."

मी म्हटले, "पाच मिनिटं. एवढं संपवते."

ते बरं म्हणाले. माणूस मुळातच तक्रार करणारा नव्हता. उत्तर लांबत गेले. मी उठून बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत मान टाकून बसले होते. छाती दाबली, रुग्णवाहिका बोलावली, जे शिकवत आले ते सगळे केले. उपयोग झाला नाही. वाचकाने विचारले होते ते खरजेच्या मलमाविषयी.

बाबांनी तुला काही सांगितलं होतं का, असे मुलीने विचारले. मी नाही म्हटले.

तीन महिन्यांनी मी 'छातीत जड वाटले तर' हा लेख लिहिला. आजवर सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तोच. त्यात एका गृहस्थांचे उदाहरण आहे आणि पुढे वाक्य आहे: 'पत्नी घरी नव्हती, त्यामुळे उशीर झाला.'

दोन वर्षांनी मुलीचा फोन आला. म्हणाली, "आई, मलमाच्या उत्तराखाली तारीख आहे. वेळही आहे. चार बावीस." मी गोळ्यांची वेळ झाली असे सांगून फोन ठेवला. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. तेव्हापासून ती फोन करते, गोळ्या घेतल्यास का विचारते, घरी येत नाही. तिचे काही चुकलेले नाही.

कलम सात. हा एक लेख ब्लॉगबरोबर नर्सिंग शाळेच्या बाईंकडे जाणार नाही. तो माझ्या मुलीचा. 'पत्नी घरी नव्हती' हे वाक्य तिने काढावे आणि त्या जागी लिहावे: 'पत्नी शेजारच्या खोलीत होती. ती डॉक्टर होती. त्यांनी तिला सांगितले होते. तिने त्यांना थांबायला सांगितले.' दुरुस्ती हयातीत करण्यासाठी मी तीन वेळा लेख उघडला, वाक्य खोडले, आणि जतन न करताच बंद केला. दुरुस्तीनंतर लेख ठेवायचा की काढून टाकायचा, हे तिने कोणालाही न विचारता ठरवावे.

वरचा मजकूर माझा आहे, पुन्हा वाचून पाहिला आहे, आणि त्यात काही बदलायचे नाही.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

(सही) लिहून देणारी

साक्षीदार पहिला: मी त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि त्यांचा जुना विद्यार्थी. बाई पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: मी तळमजल्यावरचा शिंपी. बाईंनी सहा कलमे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. सातवे त्यांना वाचता येईना, तेव्हा कागद माझ्याकडे दिला. ते मी वाचले. (सही)