'तळमजला' दिसत नाही

११ मार्च, सोमवार
नेट नाही! बाजारातून आले, कॉम्प्युटर लावला तर कोपऱ्यात फुली. शनिवारी अकराला वाचनालयाची मुलाखत, तीही कॉम्प्युटरवरच. फोनला या घरात धड रेंज नाही आणि अर्धा तास टायपिंगची परीक्षा आहे म्हणे. चोपन्नाव्या वर्षी मला पुन्हा कोण बोलावणार आहे? ही एकच आली. ही गेली की संपलं.

१२ मार्च, मंगळवार
बंद केला, चालू केला. पासवर्ड पुसून पुन्हा टाकायचा म्हटलं, तर टाकणार कुठे? यादीत आमचं नेटच नाही! समोरच्या शिंप्याचं दिसतं, कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याचंही दिसतं. आमचं 'तळमजला' तेवढं गायब. कॉम्प्युटर उचलून खोलीभर फिरले, जिन्यात जाऊन बसले. काही नाही.
खाली जाऊन विचारणं हा सरळ मार्ग. पण दादाशी दोन वर्षं बोलणं नाही. आईचं शिवणयंत्र मला न विचारता देऊन टाकलं त्याने! तेव्हापासून मी मागच्या जिन्याने ये-जा करते, तो पुढच्या दाराने. नेट मात्र पूर्वीसारखं खालून वर येत राहिलं. तेही त्याला सलत असणार.

१३ मार्च, बुधवार
कॉम्प्युटरवाला आला. भला माणूस, पण बोलतो फार. घरात रेंज नाही म्हणून माझा कॉम्प्युटर खाली गल्लीत नेला, त्याच्या फोनच्या नेटवर लगेच चालला.
"बाई, मशीन ठणठणीत आहे. एक तर खालचा वायफायचा डबा बंद आहे, नाहीतर कुणीतरी नेटचं नाव लपवलंय. लपवता येतं. खाली विचारा की!"
लपवता येतं! बस्स, मी काय ते समजले. दादा लहानपणी माझी पेन्सिल लपवायचा आणि रडेपर्यंत द्यायचा नाही. साठी आली तरी खोड जात नाही.
"शनिवारी माझ्या दुकानात येऊन बसा," म्हणाला. दुकानात दिवसभर गाणी लावतो तो. पण अडला हरी, जाईन.
तो गेल्यावर चिठ्ठी लिहिली — "माझ्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळणार आहे?" त्यांच्या पुढच्या दाराखालून सरकवली.

१४ मार्च, गुरुवार
उत्तर नाही. खाली चिडीचूप. दारं लावून बसलेत दोघं.

१५ मार्च, शुक्रवार
साडेचारला कॉम्प्युटर आपोआप जोडला गेला! टाळीच वाजवली मी. म्हटलं, आला वठणीवर! चिठ्ठी लागली बरोबर.
पाच मिनिटांनी दार वाजलं. वहिनी. दोन वर्षांत पहिल्यांदा वर आली. केस विस्कटलेले, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात माझी चिठ्ठी.
"ताई, हे सोमवारी सकाळी छातीत दुखून खाली बसले. तुमचं दार वाजवलं होतं मी. तुम्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. आता धोका टळलाय. आज कपडे न्यायला आले तेव्हा घर उघडलं, मेन चालू केला."
घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा ही आमच्या घरची शिस्त. बाबांनी लावलेली, वहिनीच्याही अंगवळणी पडलेली. चार दिवस खाली वीजच नव्हती आणि मी लहानपणीची पेन्सिल उकरून काढत बसले होते!
"फोन तरी करायचास गं," मी म्हटलं.
"तुम्ही उचलला असता?"
चिठ्ठी परत मागितली. तिने दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च, शनिवार
सकाळी आठला दवाखान्यात गेले. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं, सगळं विसरले. दादा केवढासा दिसत होता त्या खाटेवर. मला पाहिलं आणि तोच म्हणाला, "मी हिला गाडीतून सांगत होतो, मेन बंद करू नकोस, वर तिला नेट लागेल. पण ही घाबरलेली. आज मुलाखत ना तुझी?"
"तुला कुणी सांगितलं?"
"महिनाभर मोठमोठ्याने उत्तरं पाठ करतेयस. खाली सगळं ऐकू येतं. तिसरं उत्तर फार लांबवतेस."
रडले, तिथेच, सगळ्यांसमोर. त्याने घड्याळ दाखवून घरी पिटाळलं.
अकराला बसले. 'तळमजला' यादीत होतं; वहिनीने या वेळी मेन बंद केला नव्हता. तिसरं उत्तर दोन वाक्यांत संपवलं.