मागची बाजू

सोमवार, ३ जून
आजपासून मी अभिलेखागाराची माणूस! दोन महिन्यांची इंटर्नशिप, खिडकीजवळचं टेबल आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली. पांढरे हातमोजे मिळतील असं वाटलं होतं, पण इथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, कागदाला स्वच्छ हात पुरतात, नखरे नकोत. एका बंद पडलेल्या बालगृहाची खोकी माझ्या वाट्याला आलीत. यादी करायची. एकाच मजकुराच्या प्रती निघाल्या तर एक ठेवायची, बाकीच्या काढायच्या; पण काढण्याआधी दोन्ही बाजू बघायच्या आणि मॅडमना दाखवायच्या. एवढं काय, शाळकरी पोरही करेल.

गुरुवार, ६ जून
माझा वेग बघून बांधणीकाका (जुन्या कागदांची डागडुजी तेच करतात) म्हणाले, पी हळद नि हो गोरी असं इथे चालत नाही. मी हसले. आज खोकं संपवायचंच होतं. त्यात एका आईची त्रेचाळीस पत्रं निघाली. शब्दन् शब्द तोच, फक्त महिना वेगळा: माझी लेक कशी आहे, कृपा करून कळवावे. पहिलं ठेवलं, बेचाळीस श्रेडरमध्ये घातली. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. यादीत लिहिलं: पत्र, एक.

सोमवार, १० जून
काकांनी त्या पत्रांच्या गठ्ठ्याची चौकशी केली. त्याचा दोरा त्यांनीच बदलला होता. म्हणाले, आईला लिहिता येत नव्हतं, मजकूर कुणा लेखनिकाचा. पण प्रत्येक पत्रामागे ती पेन्सिलीने लेकीचा पंजा काढायची. आता केवढी झाली असेल या अंदाजाने, दर महिन्याला जरासा मोठा. मी थाप मारली, पत्रं मॅडमकडे आहेत. मग उरलेलं पत्र उलटून पाहिलं. माझ्या अंगठ्याएवढा पंजा.

बुधवार, १२ जून
ती लेक आज आली. ऐंशीच्या पुढच्या आजी, काठी टेकत. बालगृहात त्यांना सांगायचे, तुझी आई तुला विसरली. मॅडमनी यादी बघून सांगितलं, एक पत्र आहे. आजींनी विचारलं, एकदाच? मग स्वतःच म्हणाल्या, असू दे, एकदा तरी. चष्मा घरी राहिला होता, शुक्रवारी येऊन वाचणार आहेत. मी तिथेच उभी होते. प्रमाणपत्र जाईल म्हणून गप्प बसले. माझी मलाच लाज वाटते.

गुरुवार, १३ जून
पंजा वाढलाय. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पट्टीने मोजला. सकाळी सहा सेंटिमीटर. जेवणानंतर दहा.
मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेले. दोनदा परत आले.

शुक्रवार, १४ जून
सतरा. करंगळी वाकडी — माझ्यासारखीच.

हात ठेवून पाहिला. का ठेवला — तंतोतंत बसला.

हात उचलला जात नाही. डाव्या हाताने लिहितेय. कागद सोडत नाही — मनगट पांढरं पडलंय, पेन्सिलीची रेघ वर चढतेय, कोपरापर्यंत —

हाक मारायला गेले. आवाज फुटत नाही.

जिन्यावर काठी वाजतेय.

वही ज्याला मिळेल त्याने आजींना सांगा — आई विसरली नव्हती — पत्र एक नव्हतं, त्रेचाळीस होती, मी — प्रत्येकाच्या मागे तुमचा हा