ब्रेकमधली हवा

सोमवार, ४ मार्च. सकाळी
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून आयुष्याला दिशा आहे.
शनिवारी सकाळी दहाला वरच्या मजल्यावरच्या 'ति'चा इंटरव्ह्यू. डोंगरापलीकडे, चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात. पहिली बस तिथे पोचते साडेदहाला. हे ती जिन्यात तिच्या मावशीला सांगत होती आणि मी जिन्यात होतो. (हल्ली मी बराच वेळ जिन्यात असतो.) तोंडातून निघून गेलं, मी सोडतो ना गाडीने. ती म्हणाली, नक्की ना? तुझ्या भरवशावर राहते हं मग, दुसरी सोय बघत नाही.
भरवसा! हा शब्द माझ्या बाबतीत आजवर कोणी वापरलेला नाही. कॉलेजने तर नाहीच.
गाडी बाबांची. बाबा रविवारपर्यंत काकांकडे. एकच अडचण, पुढचे ब्रेक किंचाळतात. पॅड झिजलेत. गॅरेजमध्ये टाकली तर ती दुसऱ्याच्या हातची गाडी होईल. मला तिला माझ्या हातच्या गाडीतून न्यायचंय. मेकॅनिकलची दीड वर्षं काय उगाच काढली?

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाबांचा फोन. आईने चहाडी केलेली दिसते. म्हणाले, गाडीला हात लावू नकोस. हो म्हटलं. हात नाहीच लावणार. पाना लावणार.

मंगळवार, ५ मार्च
सकाळी सातला सुरुवात करायचं ठरलं होतं. साडेअकराला केली. उन्हात धातू प्रसरण पावतो, नट सुटायला बरं.
नट सुटेनात. गाडी जॅकवर चढवली होती, नट फिरवला की चाकही फिरायचं. चाकाला लाथ घातली. चाकाला काही झालं नाही. अंगठा सुजलाय.
अनुभवाचे बोल: नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत, मग जॅक लावावा. मी बघून शिकतोय त्या व्हिडिओतल्या माणसाने हे सांगितलं होतं म्हणे. मी तेवढा भाग पुढे ढकलला होता. त्याची बडबड फार.
दुपारपर्यंत डाव्या चाकाचे पॅड बसले. काळे हात तसेच ठेवून दोनदा जिना चढलो-उतरलो. ती भेटली नाही. मावशी भेटल्या. म्हणाल्या, कठड्याला हात लावू नकोस रे.

बुधवार, ६ मार्च
उजवी बाजू. नवे पॅड जाड, त्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. तो जाईना. डोकं फिरलं. ब्रेक ऑइल सोडायचा जो छोटा निपल असतो तो ढिला केला, पिस्टन लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. ही युक्ती व्हिडिओत नव्हती. माझी स्वतःची. याला म्हणतात उपजत बुद्धी.
चहा प्यायला गेलो. आलो तेव्हा निपल तसाच उघडा.
पेडल दाबलं. थेट जमिनीला. ब्रेकमध्ये हवा शिरली की असं होतं. घाबरण्यासारखं काही नाही. हवा काढता येते, मात्र माणसं दोन लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून निपल उघडायचा, बुडबुडे नळीतून बाटलीत येऊ द्यायचे, निपल बंद करायचा, मगच पहिल्याने पाय सोडायचा. पाय आधी सुटला तर हवा पुन्हा आत. थोडक्यात, विश्वासाचं काम.
आईला विचारलं. म्हणाली, माझे गुडघे तुझ्या बापाच्या गाडीसाठी नाहीत.
आणि मग, ती! पिशवी घेऊन खाली उतरली, म्हणाली, मी बसू का? काय करायचं ते सांग.
संध्याकाळ. ती स्टिअरिंगमागे, मी चाकाशी उकिडवा. 'दाब.' 'दाबलं.' 'धर.' 'धरलंय.' 'सोड.' 'सोडलं.' यापेक्षा सुंदर संभाषण माझ्या आयुष्यात झालेलं नाही. मावशींनी गॅलरीतून विचारलं, कोण कोणाचे पाय दाबतंय?
आठ-दहा वेळा केल्यावर बुडबुडे थांबले. पेडल छान कडक झालं. तिने विचारलं, झालं का?
मी म्हटलं, नाही. अजून हवा आहे. उद्या बघू.

गुरुवार, ७ मार्च
ही लबाडी नाही. ब्रेकच्या बाबतीत माणसाने खात्री करून घ्यावी, कोणीही जाणकार हेच सांगेल.
आज ती इंटरव्ह्यूचे प्रश्न लिहिलेला कागद घेऊन आली. म्हणाली, नाहीतरी बसूनच राहायचंय, तू विचार, मी उत्तरं देते. मग मी चाकाखालून ओरडायचो, तुमचा सर्वात मोठा गुण कोणता? दाब! ती वरून उत्तर द्यायची. मी म्हणायचो, सोड! पुढचा प्रश्न, तुमचा दोष कोणता?
तिने मध्येच मलाच विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी म्हटलं, सर वर्गात मला म्हणाले होते बाहेर हो, मी झालो. ती म्हणाली, अरे, त्यांना तासापुरतं म्हणायचं असेल. या बाजूने मी विचार केला नव्हता.
बुडबुडे: शून्य. तिला सांगितलं: दोन-तीन आहेत.
थोडं ऑइल बॉनेटच्या कडेला सांडलं, पुसायचं राहिलं. तिथला रंग फुगून सोलवटला. अनुभवाचे बोल: ब्रेक ऑइल रंग खातं. ताबडतोब पाण्याने धुवावं. बाबा बॉनेट कधी फारसं बघत नाहीत.
शनिवारचा बेत पक्का. परत येताना डोंगरमाथ्यावर गाडी थांबवायची आणि बोलून टाकायचं. काय ते वाटेत सुचेल.

शुक्रवार, ८ मार्च
आज तिचा आवाज थकलेला वाटला. म्हणाली, खरंच अजून आहे का रे हवा? माझी पोटरी दुखतेय. मी म्हटलं, शेवटचं चाक. ती म्हणाली, चाकं चारच असतात ना?
प्रश्न विचारत होतो, बाटलीकडे लक्ष नव्हतं. तिच्या सँडलकडे होतं. एकदम नळी फुरफुरली. पाहतो तर बॉनेटखालची ऑइलची डबी ठणठणीत रिकामी. आपण खालून ऑइल काढतो तेव्हा वरून भरत राहायचं असतं. नाही भरलं तर डबीतून थेट हवा ओढली जाते. सगळीकडे. चारही चाकांत.
ती म्हणाली, अरे, माझा पाय जमिनीला टेकला.
मी म्हटलं, होतं असं. सकाळपर्यंत बसेल.
काय बसेल, ते तिने विचारलं नाही. गाडीतून उतरली. मग म्हणाली, उद्या साडेसहाला खाली येते.
दुकानातून ऑइल आणून भरलं. आईला हात जोडले. आईने गुडघ्यांची शपथ घातली. एकट्याने पेडलला लाकूड लावून बघितलं. लाकूड निसटलं. लाकूड फेकलं. ते मावशींच्या कुंडीत गेलं.

शनिवार, ९ मार्च
ती आली. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. मी गाडीचं दार उघडलं. ती बसेना. म्हणाली, आधी तू एकटा फाटकापर्यंत जाऊन ये.
संतापलो. म्हटलं, विश्वास नाही? ती म्हणाली, जाऊन ये ना.
फाटकापर्यंत गेलो. थोडा पुढेही गेलो. हँडब्रेक ओढला, पण तोवर कचऱ्याचा डबा आडवा आला होता. माझ्यामुळे तो अजूनही आडवाच आहे.
उतरून मागे बघितलं तर ती रस्त्यावर धावत दूधवाल्याच्या व्हॅनला हात करत होती. ती व्हॅन डोंगरापलीकडेच जाते, रोज जाते, हे मला माहीत होतं. ती क्रेटांच्या मध्ये बसली, फाइल छातीशी धरून. जाताना ओरडून म्हणाली, गाडी फाटकातून बाजूला घे, लोकांना जायचंय!

रविवार, १० मार्च
बाबा आले. बॉनेट बघितलं. आधी बॉनेटच बघितलं.
गॅरेजवाले काका गाडी ओढून न्यायला आले. विचारलं, कॉलेज कुठल्या वर्षी सोडलंस? म्हटलं, दुसऱ्या. म्हणाले, बरोबर, ब्रेक तिसऱ्या वर्षाला असणार. बाबा खूप हसले. माझ्यावर रागावलेला माणूस इतका हसू शकतो, हे बघून वाईट वाटलं.

गुरुवार, १४ मार्च
तिला नोकरी लागली!
जिन्यातच सांगितलं. ती वेळेवर पोचली होती, नुसता कपड्यांना दुधाचा वास येत होता. इंटरव्ह्यूला तिला विचारलं, तुमच्या संयमाचं एखादं उदाहरण द्या. तिने गाडीचं दिलं. तीन संध्याकाळ एका माणसासाठी पेडल दाबत बसले आणि झालं का, हे फक्त दोनदा विचारलं, असं सांगितलं. सगळे इतके हसले की पुढचे प्रश्नच राहिले.
मी म्हटलं, पण हवा खरंच होती. ती म्हणाली, अरे, पेडल बुधवारीच कडक झालं होतं. माझ्याच पायाखाली होतं ना.
मी विचारलं, मग आलीस कशाला रोज? म्हणाली, इतकं मन लावून प्रश्न विचारणारं दुसरं कोण होतं? आणि मला वाटलं, आज तरी हा स्वतःहून सांगेल.
काय सांगेल, हे विचारायला तोंड उघडलं तोवर मावशींनी वरून हाक मारली. नाहीतरी विचारलं नसतं.
कारखान्याच्या वसतिगृहात राहणार. रविवारी सामान न्यायचंय. बाबा म्हणाले, आपल्या गाडीने नेऊ. मी म्हटलं, मी चालवतो. बाबा म्हणाले, तू डिकी उघडशील.

रविवार, १७ मार्च
डिकी उघडली. गादी, बादली, दोन बॅगा, पुस्तकांचं खोकं. मागच्या सीटवर मावशी आणि उरलेलं सामान. पुढे ती. मला जागा नव्हती. बसवून बघितलं मला, बादलीसकट, दार लागेना.
काच खाली करून ती म्हणाली, कॉलेजला एकदा जाऊन ये. सर आत घेतील. मी म्हटलं, बघू. तेव्हा खरं तर दुसरंच बोलायचं होतं. सगळं पाठ होतं. बाबा घड्याळ बघत होते.
गाडी निघाली. वळणावर ब्रेक लागले, जराही आवाज न करता गाडी थांबली, एक सायकल जाऊ दिली आणि गेली.
मात्र एक लक्षात आलं. मागचा डावा दिवा लागत नव्हता. बल्ब गेलाय. हे गॅरेजवाल्याला दिसलं नाही, मला दिसलं. पाच मिनिटांचं काम आहे. बाबा परत आले की लगेच करून टाकणार.
पान्यांची पेटी शोधली. आईने ती कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली मागितली तर म्हणाली, जेवून घे आधी.