वाटी आणि दोरा

७ जानेवारी, मंगळवार

आज चौघींच्या बांगड्या उतरवल्या. एकीची नथसुद्धा! कोळंबी सोलायला येताना नथ कशाला? मिरजोळ्याच्या आमच्या कंपनीत दारातच पाटी आहे — हॉलमध्ये दागिना नाही, पिनही नाही. क्वालिटीचं काम माझं, म्हणजे बायकांना अडवायचंही मीच. सगळ्या कुरकुरतात. "तुझं लगीन होऊंदे बाय, मग बघू तुझ्या गळ्यातलं काढतेस काय ते!"

आई रांगेत शेवटी होती. तिचा गळा तपासला नाही. मला माहीत आहे — बाबांची बोट बाहेर असली की ती मंगळसूत्र उतरवत नाही. गळ्यातलंच रुमालात गुंडाळून पोलक्याच्या आत टाचते. बोट मिरकरवाडा बंदराला लागली की मगच घरी डब्यात ठेवून येते. घरात शिकलेली मी एकटी, नियम तोंडपाठ — आणि रोज आईला नुसतं "जा" म्हणते.

१० जानेवारी, शुक्रवार

रामआळीत सोनाराकडे माझं मंगळसूत्र बघायला गेलो. मी, आई, अजिंक्य आणि त्याची आई, मथुरामावशी. रीतीप्रमाणे एक वाटी सासरची, एक माहेरची. मावशींना लांब, दुपदरी हवं. मी म्हटलं, छोटंच बरं, कामावर काढायला सोपं.

"काढायला? अजून घातलं नाहीस तर काढायच्या गोष्टी!" मावशी म्हणाल्या.

अजिंक्य हसला म्हणून निभावलं.

मग मी भिंग मागितलं. नग न् नग उलटून शिक्का बघितला. सोनारकाका म्हणाले, "पोरी, तू आमच्याकडेच कामाला ये." आईनं हळूच विचारलं, "आणि घरातली जुनी वाटी असली तर?" मी पटकन बोलून गेले — हॉलमार्क नसलेलं मी गळ्यात घालणार नाही. सगळ्यांसमोर!

"आमची वाटी मी मागाहून आणून देते," एवढंच आई काकांना म्हणाली.

रिक्षात विचारलं, रागावलीस? "नाय गो. सोन्याला काय होत नाय. बर्फाच्या पाण्यानं दोरा तेवढा कुजतो." गळ्यातला दोरा दाखवला. पार विरलेला! एखाद्या दिवशी तुटेल, गाठवून घे म्हटलं. घेते म्हणाली.

१२ जानेवारी, रविवार

बाबांची बोट काल लागली, उद्या पहाटे परत जाणार. मी दिवसभर अजिंक्यकडे, साड्या बघायला. संध्याकाळी आले तर आई पदर गळ्याभोवती गुंडाळून बसलेली. थंडी वाजते म्हणे. बाबा उगाचच हसत होते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कामावरून आल्यावर शेजारी हळदीकुंकू. संध्याकाकू आईला कुंकू लावायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अगो बकुळे, एकच वाटी? दुसरी काय म्हावऱ्याला दिलीस?"

सगळ्या हसल्या. आईनं पदर सारखा केला. "पडली असेल कुठंतरी."

पडली असेल! माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. काल आणि आज ती मंगळसूत्र घालून सोलायच्या टेबलावर होती. तो कुजका दोरा... समोर कोळंबीची टोपली, शेजारी बर्फाचा टब. घरी येताना विचारलं, हॉलमध्ये पडली का? "सणाचं तू डोकं लावू नको. मिळेल." घरात येऊन चटईसुद्धा उचलून बघितली नाही.

दोन दिवसांचा तो माल उद्या कंटेनरमध्ये भरणार. कुणाच्या तरी ताटात जाईल. कुणाच्या घशात! धातू शोधायचं मशीन पकडेल म्हणावं, तर बारीकसारीक कधी सुटतंही.

आणि तिला "जा" कोण म्हणालं? मी.

१५ जानेवारी, बुधवार

आईच्या आधी निघाले. तिला काही सांगितलं नाही — सांगितलं असतं तर पाय निघाला नसता. मॅनेजर विनोदसरांना सगळं सांगितलं. मला माहीत होतं, मी सोडत होते, हेही. सर म्हणाले, "ते तुझं राहूदे." माल थांबवला.

आईला ऑफिसात बोलावलं. पोलक्याची पिन काढायला लावली. मंगळसूत्र टेबलावर ठेव, सर म्हणाले. बोट बाहेर असताना! तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"वाटी कुठं पडली?"

मग, "म्हायत नाय साहेब. माझंच चुकलं."

सरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हटलं. जाताना तिनं ॲप्रन घडी घालून दिला. मला म्हणाली, "डबा खा. गार होईल."

माल पुन्हा मशीनमधून काढला. गोठवलेले ब्लॉक फोडून बघितले. काही नाही. सर म्हणाले, "अशी प्रामाणिक माणसं पाहिजेत." डबा तसाच घरी नेला.

१६ जानेवारी, गुरुवार

रांगेत आज कुणी कुरकुरलं नाही. सगळ्यांनी निमूट हात पुढे केले. मागून एकच आवाज आला — "आयशीला पकडून दिलान."

घरी आई नेहमीसारखी बोलते. तेच सोसवत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

बाबांचा फोन लागला एकदाचा. बोट ठीक आहे. आईनं त्यांना काहीच सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर देवापुढे बसून राहिली.

२० जानेवारी, सोमवार

सोनारकाकांनी बोलावलं — दोन्ही वाट्या बघून जा. दोन्ही?

एक नवी कोरी. दुसरी जुनी, कडेला झिजलेली. "आईवडील रविवारी येऊन देऊन गेले. संक्रांतीच्या आधीच्या. आई म्हणाल्या, पोरीला शिक्का लागतो, तेवढा मारून आणा, पण वाटी मोडू नका. तुला आधी कळू द्यायचं नव्हतं त्यांना." भिंग पुढे केलं. मी घेतलं नाही.

घरी आई कडवे वाल सोलत होती. सरांसमोर बोलली का नाहीस?

"तू सांगून मोकळी झालेलीस. चार माणसांत खोटी पाडू काय तुला?"

तेव्हा तिच्या गळ्याकडे नीट बघितलं. दोरा नवा आहे. काळाभोर, घट्ट गाठवलेला. त्या रविवारपासूनचा. सरांच्या टेबलावरही हाच होता.